चौदा महिने, माहिती आईकडून

आधी वाक्य पाहू.

‘चौदा महिन्यांची मुलगी, ऊसतोड कामगार कुटुंबातली, माहिती आईकडून, भरवशाची, जन्माचं वजन कमी, साडेतीन महिन्यांपर्यंतच्या लसी पूर्ण, नऊ महिन्यांच्या राहिलेल्या, नवव्या महिन्यानंतर वजनाची वाढ मंदावलेली, मध्यम कुपोषण, विकास वयानुसार, उजव्या फुप्फुसात खाली न्यूमोनिया, दाखल होताना तीव्र, आता उतार, हार्ट फेल्युअरची चिन्हं नाहीत.’

एमबीबीएसच्या शेवटच्या टप्प्यात बालरोग विभागाचं पोस्टिंग लागतं. तिथे विद्यार्थ्याला एक मूल ‘केस’ म्हणून मिळतं. तासभर त्याच्यापाशी बसायचं, विचारायचं, तपासायचं आणि मग सरांपुढे किंवा मॅडमपुढे केस प्रेझेंट करायची. प्रेझेंटेशनच्या शेवटी सगळं आवळून असं एक वाक्य बोलायचं असतं. वॉर्डात ते इंग्रजीत येतं, इथे मराठी करून घेतलं आहे. यातली मुलगी कुणी एक नाही आणि केस सांगणारी विद्यार्थिनीही कुणी एक नाही. सरकारी रुग्णालयांच्या वॉर्डांत पुन्हा पुन्हा दिसणाऱ्या गोष्टी एकत्र करून हे वाक्य जुळवलं आहे. मात्र त्याची घडण खरी आहे आणि त्या घडणीवर माझा जीव आहे. अर्ध्या मिनिटात संपणाऱ्या या वाक्यात न्यूमोनिया हा शब्द यायला किती वेळ लागतो ते बघा. आजारासाठी दाखल झालेली मुलगी, आणि आजाराचं नाव जवळजवळ शेवटी. तोवर एक आयुष्य सांगून झालेलं असतं. चौदा महिन्यांचं का होईना, आयुष्यच.

परीक्षेच्या दिवशी कॉरिडॉरमध्ये मुलं एकमेकांना विचारतात, ‘तुला काय आलं? आरएस की सीएनएस?’ म्हणजे श्वसनसंस्था की मज्जासंस्था. मुलाचं नाव, वय, गाव बाजूला पडून एक संस्था उरते. अशा तयारीने गेलेला विद्यार्थी सांगतो, ‘पाच दिवस खोकला, तीन दिवस ताप, एक दिवस धाप, उजवीकडे खाली क्रेप्ट्स (फुप्फुसातला करकर आवाज), न्यूमोनिया.’ चूक काहीच नाही. तो पासही होतो. पण या वाक्यात वय शोधून पाहा. हेच वाक्य साठ वर्षांच्या आजोबांनाही चालतं. वरच्या वाक्यातलं वय झाकलं तरी ते लपत नाही. नऊ महिन्यांची लस नुकतीच हुकलेली, वजनाची वाढ आताच मंदावलेली. माणूस कुठे उभा आहे ते कळतं. बालरोगाची केस चांगली झाली की नाही हे ओळखायला मला ही कसोटी पुरते.

आता पहिला शब्द. ‘चौदा महिन्यांची.’ ‘साधारण सव्वा वर्षाची’ असं तिने म्हटलं नाही. श्वास मिनिटाला किती असले तर जलद म्हणायचे, याच्या जागतिक आरोग्य संघटनेने घालून दिलेल्या मर्यादा वयानुसार बदलतात: दोन महिन्यांच्या आत ६० किंवा अधिक, दोन महिन्यांपासून वर्षापर्यंत ५० किंवा अधिक, एक ते पाच वर्षं ४० किंवा अधिक. मिनिटाला ४६ श्वास हे अकरा महिन्यांच्या बाळाला या हिशेबात जलद नाहीत, चौदा महिन्यांच्या बाळाला जलद आहेत. डोक्यावरची टाळू अजून उघडी असणं या वयात ठीक, दोन वर्षांनंतर नाही. म्हणजे वय हे वाक्यातलं पहिलं विशेषण नसून पुढच्या प्रत्येक आकड्याचा अर्थ तेच ठरवतं. विद्यार्थिनीने वय विचारलं तेव्हा आई म्हणाली, ‘मागल्या शिवरातीच्या आधी झाली.’ त्यावरून फेब्रुवारी निघाला आणि आज एप्रिल चालू आहे. तारीख नंतर कार्डावरून पक्की झाली, पण हिशेब आधी सणावर झाला होता.

‘माहिती आईकडून, भरवशाची.’ हे शब्द विद्यार्थी फॉर्म भरल्यासारखे उरकतात आणि मला तर इथेच थांबावंसं वाटतं. मोठ्या माणसांच्या वॉर्डात रोगी स्वतःची गोष्ट स्वतः सांगतो. इथे ज्याची गोष्ट त्याला वाचा नाही. सांगणारं कुणी वेगळंच आहे, तेही दोन रात्री न झोपलेलं. त्या सांगणाऱ्याला स्वतःची भीती आहे, घरी सासूचं काय ऐकावं लागेल याची चिंता आहे, डॉक्टर रागावतील हा धसका आहे. ‘ताई, आधी का नाही आणलं?’ हा प्रश्न पहिल्या पाच मिनिटांत विचारणाऱ्याला पुढची केस अर्धीच मिळते. आई मग दिवस कमी करून सांगते. पाच दिवसांचा खोकला तीन दिवसांचा होतो.

ही विद्यार्थिनी आधी मुलीचं नाव विचारते. मग म्हणते, ‘ताई, बरी होती तेव्हापासून सांगा.’ आणि गप्प बसते. आई मराठवाड्याची. ती सांगते, ‘बाजाराच्या दिवशी नाक गळाय लागलं. मग खोकला. परवाच्या रातीला लई तापली. काल सकाळपस्नं पोट उडायलंय, अंगावरचं ओढंना.’ या चार ओळींत पाठ्यपुस्तकाचं आख्खं पान आहे. पोट उडतंय म्हणजे श्वास घेताना छातीचा खालचा भाग आत ओढला जातोय. अंगावरचं ओढत नाही म्हणजे पाजता येत नाही, आणि बाळाला पिता न येणं हे धोक्याच्या लक्षणांत गणलं जातं. म्हणून वाक्यात पुढे ‘दाखल होताना तीव्र’ आलं. ते विद्यार्थिनीने स्टेथोस्कोपने शोधलेलं नाही, आईच्या बोलण्यातून उचललं आहे. आणि ‘भरवशाची’ हा शेरा कमावलेला आहे. तिने बाजाराचा वार विचारून दिवस मोजले, मग थोड्या वेळाने तोच काळ दुसऱ्या बाजूने विचारला: ‘शेवटचं नीट जेवण कधी झालं?’ दोन्ही उत्तरं जुळली.

‘ऊसतोड कामगार कुटुंबातली.’ अनेक परीक्षकांना सामाजिक माहिती म्हणजे वेळकाढूपणा वाटतो, आणि ज्या पद्धतीने ती सांगितली जाते ते पाहता त्यांचं फारसं चुकत नाही. वर्गवारीचं एक नाव ठोकून द्यायचं आणि पुढे जायचं. इथे मात्र या दोन शब्दांशिवाय उरलेलं वाक्य उभं राहत नाही. दसरा-दिवाळीच्या सुमारास मुकादमाची उचल घेतलेली जोडपी गाव सोडतात. नवरा-बायको मिळून एक कोयता. कारखान्याच्या भागात उसाच्या पाचटाची नाहीतर ताडपत्रीची कोपी उभी राहते, तिच्यातच चूल. पहाटे अंधारात आई फडावर जाते आणि बाळ सात-आठ वर्षांच्या बहिणीच्या कडेवर असतं. मार्च-एप्रिलमध्ये पट्टा पडला, हंगाम संपला, की सगळे परत. फेब्रुवारीत जन्मलेली मुलगी नोव्हेंबरात नऊ महिन्यांची होते, म्हणजे नेमकी त्या महिन्यात ती गावात नसते. वाक्यातली लस तिथे हुकली आहे आणि वजनही तिथेच अडलं आहे.

विद्यार्थिनीने चुलीबद्दलही विचारलं होतं. लाकूड-पाचटाचा धूर कोंडलेल्या जागेत लहान मुलांना न्यूमोनियाचा धोका वाढतो. प्रेझेंटेशनमध्ये तिने ते सांगितलं, शेवटच्या वाक्यात मात्र घेतलं नाही. मी घेतलं असतं.

लसीकरणाचा प्रश्न आला की बहुतेक केसेसमध्ये एक उत्तर ठरलेलं: ‘आईच्या म्हणण्यानुसार वयानुसार पूर्ण.’ हे वाक्य ऐकलं की मी समजतो, कार्ड मागितलेलं नाही. इथेही आई आधी म्हणाली होती, ‘समदे डोस दिलेत.’ ती खोटं बोलत नव्हती. तिच्या हिशेबात दीड, अडीच आणि साडेतीन महिन्यांचे डोस झाले की सगळे झाले. मांडीला इंजेक्शन देऊन ताप आला, तेच डोस तिच्या लक्षात. कार्ड गावी आजीकडे होतं. विद्यार्थिनीने वडिलांना फोन करायला लावला, शेजारच्या पोराने माता-बाल संरक्षण कार्डाच्या पानांचे फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवले. नऊ महिन्यांच्या ओळीत सगळं कोरं: गोवर-रुबेलाचा पहिला डोस, न्यूमोकोकल लसीचा (पीसीव्ही) बूस्टर, अ जीवनसत्त्व. डाव्या दंडावरचा बीसीजीचा व्रण तिने स्वतः पाहिला आणि जन्मावेळच्या नोंदीशी ताडला.

इथे वाहवत जाण्याचा मोठा मोह असतो. न्यूमोकोकल बूस्टर राहिला आणि न्यूमोनिया झाला. गोष्ट किती छान बसते! पण या मुलीचा न्यूमोनिया कोणत्या जंतूने झाला हे कुणी पाहिलेलं नाही, आणि विषाणूंमुळेही तो होतो. विद्यार्थिनीने दोन्ही गोष्टी वाक्यात ठेवल्या, त्यांच्यामध्ये ‘म्हणून’ घातला नाही. गोवर येऊन गेला का, अंगावर पुरळ होतं का, डोळे आले होते का, एवढं मात्र तिने विचारून घेतलं, कारण गोवरानंतरचा न्यूमोनिया वेगळ्या काळजीचा. ‘म्हणून’ न घालणं ही फार वरच्या दर्जाची समज आहे. ती येण्याआधी पुष्कळांचं अख्खं पोस्टिंग संपतं.

त्याच फोटोंतून दुसरी गोष्ट निघाली. कार्डाच्या आत वाढीचा आलेख असतो, मुलींसाठी गुलाबी, मुलांसाठी निळा. त्यावर अंगणवाडी सेविकेने टिंबं दिली होती. जन्माचं वजन २.४ किलो. नऊ महिने भरत आले तेव्हा, म्हणजे गाव सोडण्याच्या जरा आधी, ६.६. त्यानंतर काही नाही. आज वॉर्डातल्या काट्यावर ७.१.

पाठ केलेलं सूत्र सांगतं की वर्षाला वजन जन्माच्या तिप्पट होतं. २.४ ची तिप्पट ७.२. म्हणजे मुलगी जवळपास तिथे आहे, असं म्हणून समाधान मानणारे असतात. पण तिप्पट कशाची? जन्मालाच ती मुलींच्या आलेखावर उणे दोनच्या, म्हणजे मधल्या रेषेपासून दोन प्रमाण विचलन खालच्या, रेषेवर होती. नऊ महिन्यांना त्या रेषेच्या किंचित वर आली होती, कारण तोवर आई घरी होती आणि दूध वेळच्या वेळी मिळत होतं. पुढच्या पाच महिन्यांत नुसतं त्या रेषेवर राहायलाही सुमारे ९०० ग्रॅम वाढायला हवं होतं, वाढली ५००. आज ती उणे दोन आणि उणे तीन यांच्या मध्ये आहे. दंडाचा घेर १२.१ सेंटिमीटर; ११.५ च्या खाली गेला असता तर तीव्र कुपोषण, १२.५ च्या आत असल्याने मध्यम. एकटं ७.१ सांगणारा विद्यार्थी एक टिंब दाखवतो. ‘नवव्या महिन्यानंतर मंदावलेली’ हे शब्द त्या टिंबामागची रेषा दाखवतात, आणि रेषेला दिशा असते. घरून आजी फोनवर म्हणाली होती, ‘लेकरू पयल्यापासनंच बारीक.’ आलेख तिचं म्हणणं अर्धंच खरं करतो.

यावर कुणीतरी हमखास म्हणतं, परदेशी आलेख आपल्या मुलींना कशाला लावता, आपली मुलं लहानसरच असतात. २००६ साली आलेले हे आलेख सहा ठिकाणच्या मुलांवरून केलेले आहेत: ब्राझीलमधलं पेलोतास, घानातलं आक्रा, नॉर्वेचं ओस्लो, ओमानचं मस्कत, अमेरिकेतलं डेव्हिस आणि आपली दिल्ली. निवडलेली मुलं आईच्या दुधावर वाढलेली, परिस्थिती बरी असलेली. सहाही ठिकाणची मुलं उंचीत जवळपास सारखी निघाली. तेव्हा मुलं कशी वाढतात यापेक्षा नीट मिळालं तर कशी वाढावीत, हे हा आलेख सांगतो. कोपीतल्या मुलीला तो लावायचा तो याचसाठी.

आहाराचा हिशेब विद्यार्थ्यांना सगळ्यात कंटाळवाणा. चहात बुडवलेली बिस्किटं, वरणाचं पाणी, भाकरीचा कुस्करा, किती वाट्या, किती कॅलरी. यात दोन जागी पाय घसरतो. आजारपणातला आहार विचारला जातो, तेव्हा तर मूल जेवतच नसतं. विचारायचा असतो आजाराच्या आधीचा. आणि आईच्या दुधाचा आकडा. अंगावर पिणाऱ्या बाळाने काल किती मिलिलिटर घेतलं हे कुणालाच ठाऊक नसतं, तरी ताळेबंद जुळवायला विद्यार्थी बेधडक आकडा टाकतात. या विद्यार्थिनीने वरचं अन्न मोजलं आणि ‘शिवाय दिवसातून सहा-सात वेळा अंगावर’ असं म्हणून सोडून दिलं. मॅडमनी भुवई उंचावली, पण पुढे विचारलं नाही.

‘विकास वयानुसार.’ दोनच शब्द, पण वाढ मागे आणि विकास वेळेवर हे वेगळं करून सांगणं महत्त्वाचं. तिने पाठ केलेली यादी आईवर सोडली नाही. ‘फडात गेलात तेव्हा काय करायची?’ ‘रांगत व्हती, कोपीच्या बाहेर यायची, मोठी धरून ठेवायची.’ नऊ महिन्यांना रांगणं, ठीक. आता धरून चालते, क्षणभर सुटी उभी राहते. ‘आई’ म्हणते, बहिणीला काहीतरी एका नावाने हाक मारते. खाटेवर पडलेला मुरमुरा अंगठा आणि तर्जनीच्या चिमटीत उचलताना तर विद्यार्थिनीने स्वतःच पाहिलं, आणि तिला अनोळखी म्हणून पाहून मुलगी रडली, तेही. अनोळखी माणसाला घाबरणं सहा-सात महिन्यांपासून दिसू लागतं. ज्या रडण्याने विद्यार्थी हैराण होतात, तेही तपासणीत धरायला हवं.

रडण्यावरून तपासणीच्या क्रमाकडे येतो. मोठ्यांना तपासताना डोक्यापासून पायापर्यंत जाता येतं. मुलांच्या तपासणीचा क्रम मूलच ठरवतं. विद्यार्थिनी पहिली दहा मिनिटं हात न लावता बसली. मुलगी आईच्या मांडीवर पेंगत होती, तेवढ्यात पोटाची हालचाल पाहून तिने श्वास मोजले. पूर्ण एक मिनिट, कारण लहान मुलांचा श्वास मध्येच अडखळतो, मध्येच भरभर होतो, आणि पंधरा सेकंद मोजून चारने गुणलं की ती चूकही चौपट होते. ५४. मग स्टेथोस्कोप तळहातावर ऊबदार करून आधी हृदय, मग पाठीकडून फुप्फुसं, तीही आईच्या खांद्यावर असताना. नंतर पोट. घसा आणि कान सगळ्यात शेवटी, कारण त्यानंतर काहीही ऐकू येणार नसतं. उलट्या क्रमाने जाणारा विद्यार्थी आधी चमचा तोंडात घालतो आणि मग तासभर किंकाळ्यांतून हृदयातला मर्मर शोधत बसतो.

श्वास मोजण्यासारख्या साध्या गोष्टीवर महाराष्ट्रात मोठं काम झालेलं आहे. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ने गावातल्या माणसांकडून न्यूमोनिया ओळखून घेऊन उपचार सुरू केले, १९९० साली त्याचा अभ्यास ‘लॅन्सेट’मध्ये आला. मोजता न येणाऱ्या दाईलाही हे जमावं म्हणून त्यांनी वाळूचं घड्याळ आणि मणी असलेलं साधन केलं. दहा श्वास झाले की एक मणी सरकवायचा. वाळू संपण्याआधी लाल मण्यापर्यंत पोचलं तर न्यूमोनिया. जे काम मण्यांवर होतं, ते महागडा स्टेथोस्कोप गळ्यात असूनही पुष्कळ जण नजरेच्या अंदाजाने उरकतात. ही माझी जुनी चीड आहे, ती इथे निघाली.

‘उजव्या फुप्फुसात खाली.’ या तीन शब्दांत एक नाकारलेलं काहीतरी आहे. चोंदलेल्या नाकातला घरघराट बाळाच्या सबंध छातीवर ऐकू येतो आणि नवखा विद्यार्थी ‘दोन्ही बाजूंना क्रेप्ट्स’ असं ठोकून देतो. विद्यार्थिनीने स्टेथोस्कोप नाकाजवळ धरला, तोच आवाज तिथे मोठा ऐकू आला, मग तो वजा केला. जे उरलं ते उजवीकडे खाली होतं.

आणि शेवटचा तुकडा, ‘नाहीत’ने संपणारा. न्यूमोनियाच्या बाळात हार्ट फेल्युअर शोधायचं असतं, त्यासाठी यकृत चाचपतात. बरगडीखाली दोन सेंटिमीटर यकृत लागलं की वॉर्डात घबराट. पण लहान मुलांत यकृत थोडं हाताला लागतंच, शिवाय फुप्फुसं फुगली की ते खाली ढकललं जातं. तिने वरची कडाही ठोकून पाहिली, पूर्ण लांबी मोजली, आणि मग ‘नाहीत’ म्हटलं. नकार द्यायलाही मोजमाप लागतं.

तरी या वाक्यात एक मोठी उणीव आहे. ‘जन्माचं वजन कमी’ म्हटलं, पण दिवस भरले होते का? २.४ किलोचं बाळ पूर्ण दिवसांचं असलं तर पोटात असतानाच त्याची वाढ खुंटलेली होती. सहा आठवडे आधी जन्मलेलं असलं तर ते त्याच्या वेळेला पुरेशा वजनाचंच. आणि तसं असेल तर दोन वर्षांपर्यंत वाढ आणि विकास दुरुस्त केलेल्या वयाने पाहायचे; मग चौदा महिन्यांची ही मुलगी साडेबारा महिन्यांची ठरते आणि आलेखावरचं टिंब उजवीकडून डावीकडे सरकतं. आईने सांगितलं होतं, ‘दिस भरले व्हते.’ विद्यार्थिनीच्या वहीत ते आहे. वाक्यात ‘पूर्ण दिवसांची’ हे दोन शब्द असते तर मला बोट ठेवायला जागा उरली नसती.

मॅडमनीही तिथेच बोट ठेवलं. मग औषधाचे डोस विचारले, तिने किलोवर बरोबर काढले. तेवढ्याने पुरेसं झालं असतं. पण मॅडमनी आणखी विचारलं, ‘डिस्चार्जच्या आधी काय?’

‘गोवर-रुबेला, पीसीव्हीचा बूस्टर, अ जीवनसत्त्व. खाण्याबद्दल बोलायचं, आईशी आणि आजीशीही.’

‘आणि पुढचे डोस?’

सोळा ते चोवीस महिन्यांत डीपीटीचा बूस्टर आणि गोवर-रुबेलाचा दुसरा डोस असतो. सोळा महिने जूनमध्ये भरतात. ऑक्टोबर उजाडला की कुटुंब परत कारखान्याकडे. विद्यार्थिनीने बोटांवर महिने मोजले आणि म्हणाली, ‘मॅडम, चोवीस महिन्यांपर्यंत चालतात, पण हिला जूनमध्येच द्यायला हवेत. कार्डावर तसं लिहून देते, आणि कार्ड या वेळी त्यांच्याबरोबर न्यायला सांगते.’